पिकअप ट्रकसाठी बनवून घेतलेला पोर्टेड सबवूफर बॉक्स: हात उत्तम, हिशेब दुसऱ्या खेपेस जमला

पिकअप ट्रकच्या मागच्या सीटखाली मावेल असा पोर्टेड सबवूफर बॉक्स, म्हणजे खोल बास वाजवणाऱ्या स्पीकरसाठी हवा आतबाहेर करणारी बोगद्यासारखी वाट (पोर्ट) ठेवलेली पेटी, मी एका कार ऑडिओ कार्यशाळेकडून मापाने बनवून घेतला. सहा महिन्यांच्या वापरानंतर त्याविषयी लिहीत आहे. खरे पाहता हे परीक्षण दोन बॉक्सचे आहे, कारण पहिला परत करावा लागला आणि दुसरा आजही गाडीत आहे. दोन्ही एकाच कारागिराच्या हातचे असून दोन्हींच्या सुतारकामात नाव ठेवायला जागा नाही.

माप घेण्याची त्यांची पद्धत मला पहिल्याच दिवशी आवडली. सीटखालची जागा आयताकृती नसते. मध्ये फरशीचा उंचवटा येतो, सीटचे ब्रॅकेट आडवे येतात आणि एका कोपऱ्यात जॅकची खोबण असते. कारागिराने फक्त टेपवर विसंबून न राहता जाड पुठ्ठ्याचे तुकडे कापले, ते चिकटपट्टीने जोडून पूर्ण आकाराचा साचा उभा केला आणि सीट खाली पाडून तो कुठे घासतो ते पाहिले. बाजारातल्या तयार बॉक्सवर समाधान न मानता बनवून घ्यायचे ते याचसाठी.

आवाजाच्या बाजूने मात्र काम इतके सरळ झाले नाही. माझा सबवूफर १० इंची, कमी खोलीचा आहे आणि त्याच्या माहितीपत्रकात ४२ लिटर निव्वळ आकारमान व ३४ हर्ट्झ ट्यूनिंग सुचवलेले आहे. पोर्टेड बॉक्स हा मूलतः रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारल्यावर घुमते तसा घुमणारा हवेचा साठा असतो: आतली हवा स्प्रिंगसारखी वागते, पोर्टमधली हवा वजनासारखी, आणि दोहोंच्या मेळातून ट्यूनिंगची वारंवारता ठरते. बेल लॅबोरेटरीजमधील अल्बर्ट थुरस यांना या रचनेचे पेटंट १९३२ मध्ये मिळाले; पुढे नेव्हिल थील आणि रिचर्ड स्मॉल यांनी १९६० आणि १९७० च्या दशकांत तिचे गणित इतके पक्के बसवले की आज कोणत्याही सबवूफरसोबत त्यांच्याच नावाचे आकडे छापून येतात. थोडक्यात, इथे अंदाजपंचे काम करण्याचे काही कारण उरलेले नाही.

तरीही पहिल्या बॉक्समध्ये नेमकी हिशेबाचीच चूक झाली. ४२ लिटर हे निव्वळ आकारमान होते, म्हणजे पोर्ट, पोर्टची भिंत, आतल्या आधारपट्ट्या आणि सबवूफरचे चुंबक यांनी व्यापलेली जागा वजा करून उरणारे. कारागिराने ४२ लिटर हे आतले एकूण आकारमान धरले. पोर्टचे छिद्र १२५ चौरस सेंटिमीटर आणि लांबी साधारण ६७ सेंटिमीटर, म्हणजे एकट्या पोर्टच्या पोकळीनेच आठ लिटरहून अधिक जागा खाल्ली. भिंत, पट्ट्या आणि चुंबक धरून सुमारे १४ लिटर गेले आणि सबवूफरच्या वाट्याला २८ लिटर उरले. पोर्टची लांबी ४२ लिटरच्या हिशेबाने कापलेली असल्यामुळे ट्यूनिंग ३४ वरून थेट ४१-४२ हर्ट्झवर सरकले.

हे कागदावर नंतर कळले. आधी कानांना कळले. बास गिटारची सर्वांत जाड तार, म्हणजे खालचा ई, ४१ हर्ट्झच्या आसपास वाजते. त्यामुळे गाण्यात तो स्वर आला की केबिन दणाणून जाई आणि त्याच्या शेजारचे स्वर मात्र दुबळे वाटत. त्याहून वाईट म्हणजे ३० हर्ट्झच्या जवळ जाणाऱ्या एका रेकॉर्डिंगमध्ये सबवूफरमधून टक् असा कोरडा ठोका ऐकू आला. ट्यूनिंगच्या खाली बॉक्समधली हवा कोनला, म्हणजे सबवूफरच्या हलणाऱ्या पडद्याला, धरून ठेवत नाही, तो मोकाट हलू लागतो आणि व्हॉइस कॉइल (कोनला हलवणारे तारेचे वेटोळे) मागे आपटण्याची वेळ येते. मी लगेच आवाज कमी केला.

कार्यशाळेत तक्रार केल्यावर पहिले उत्तर आले, "आवाज तर जोरात येतोय ना?" येत होताच, अडचण तीच होती. मग आम्ही तिथेच एक साधी चाचणी केली. बॉक्स बाकावर उलटा ठेवला, मोबाइलवरून एकेका वारंवारतेचा शुद्ध स्वर वाजवला आणि टॉर्चचा उजेड तिरका टाकून कोनकडे पाहत राहिलो. ५० हर्ट्झला कोन स्पष्ट थरथरत होता, ४५ ला कमी आणि ४१ वर जवळजवळ निश्चल. त्याच क्षणी पोर्टच्या तोंडाशी धरलेला टिश्यू पेपर मात्र सपासप उडत होता. कोन सर्वांत कमी हलतो आणि पोर्ट सर्वांत जास्त श्वास घेतो, तेच बॉक्सचे ट्यूनिंग. कारागीर थोडा वेळ गप्प राहिला, मग त्याने वही मागवली आणि वजाबाकी स्वतः पुन्हा केली. वाद न घालता, वेगळे पैसे न मागता नवा बॉक्स करून द्यायचे त्याने कबूल केले. या एका गोष्टीमुळे माझे मत त्यांच्या बाजूने झुकते, हे मोकळेपणाने सांगतो.

दुसरा बॉक्स बाहेरून १२० सेंटिमीटर लांब, ३० रुंद आणि २२ उंच आहे. १८ मिलिमीटर एमडीएफची (लाकडाच्या भुश्यापासून दाबून केलेल्या फळीची) जाडी वजा केल्यावर आत साडेछप्पन लिटर मिळतात, त्यातून १४ गेले की ४२ उरतात. पहिल्या बॉक्समध्ये पोर्टला काटकोनात वळवावे लागले होते. इथे लांबी पुरेशी असल्याने तो मागच्या भिंतीलगत सरळ धावतो आणि त्याची भिंत वरच्या लांब फळीला आधारही देते. तीच चाचणी पुन्हा केली तेव्हा कोन ३४ वर स्थिरावला.

कारागिरी पाहायची तर पोर्टच्या तोंडात बोट फिरवून पाहावे. आतली आणि बाहेरची अशा दोन्ही कडा राउटरने (लाकूड कोरायच्या यंत्राने) गोल केलेल्या आहेत, त्यामुळे मोठ्या आवाजातही हवेची फसफस ऐकू येत नाही. प्रत्येक सांध्याला भरपूर ग्लू आहे, स्क्रूसाठी आधी बारीक भोके पाडल्यामुळे एमडीएफच्या कडा कुठेही फुगलेल्या नाहीत आणि आतून प्रत्येक कोपऱ्यावर सीलंटची अखंड रेघ ओढलेली आहे. पोर्टचे तोंड गादी लावलेल्या फळीने दाबून कोन हलकेच आत ढकलला, तर तो सावकाश, जणू तेलातून यावा तसा परत येतो. म्हणजे हवा कुठून निसटत नाही. सबवूफर खालच्या बाजूला तोंड करून बसवला आहे आणि चार सेंटिमीटरचे पाय दिले आहेत. पोर्टच्या तोंडासमोर आठ सेंटिमीटर मोकळी जागा राखण्याचे भान कारागिराने स्वतःहून ठेवले, कारण भिंत फार जवळ आली की पोर्ट लांब झाल्यासारखा वागतो आणि ट्यूनिंग पुन्हा खाली घसरते.

ऐकण्यातला फरक मोठा आहे. पाच तारांच्या बास गिटारचा ३१ हर्ट्झचा स्वरही आता केबिनमध्ये जाणवतो आणि ई इतर स्वरांच्या पंक्तीत बसला आहे. अँप्लिफायरचा सबसॉनिक फिल्टर (फार खालचे स्वर अडवणारा) मी २८ हर्ट्झवर आणि लो-पास (वरचे स्वर अडवणारा) ८० वर ठेवला आहे. पोर्टेड बॉक्समध्ये सबसॉनिक फिल्टरला पर्याय नाही आणि कार्यशाळेने बॉक्स देताना हे सांगितले नव्हते, हे मला खटकले. ज्यांना फक्त तबल्याचा किंवा किक ड्रमचा नेटका ठोका हवा आहे त्यांना मी सीलबंद बॉक्सच सुचवेन. तो आकाराने लहान असतो, खालच्या स्वरांत त्याचा आवाज ऑक्टेव्हमागे (वारंवारता निम्मी होताना) पोर्टेडच्या २४ ऐवजी १२ डेसिबलनेच उतरतो आणि ट्रकच्या छोट्या केबिनमुळे खालच्या स्वरांना आपोआप मिळणारा उठाव ती घट बरीचशी भरून काढतो. मला खोल, लांबणारा बास आवडतो, म्हणून मी या भानगडीत पडलो.

तक्रारी दोन उरल्या आहेत. रिकामा बॉक्सच २० किलोच्या आसपास भरतो, आणि तो फरशीला केवळ पट्ट्याने बांधून दिला होता. अचानक ब्रेक लागल्यावर एवढे वजन पट्ट्यावर सोडणे मला पटले नाही, म्हणून सीटच्याच बोल्टखाली धातूच्या दोन पट्ट्या घालून मी तो आवळून घेतला. दुसरी तक्रार जॅकची. पुठ्ठ्याच्या साच्यात त्याची खोबण सोडलेली होती, पण १२० सेंटिमीटर लांबीच्या बॉक्सने तीही व्यापली. जॅक आता मागच्या हौद्यात जुन्या पोत्यात गुंडाळून ठेवलेला असतो आणि खड्ड्यातून गाडी गेली की तेवढा तो वाजतो.