क्वासिचेवान धबधबा: जूनमध्ये जावं की सप्टेंबरमध्ये?

कॅनडात, उत्तर मॅनिटोबातल्या क्वासिचेवान धबधब्याला मी दोनदा जाऊन आलोय. एकदा जूनच्या तिसऱ्या आठवड्यात, दुसऱ्यांदा सप्टेंबरच्या. विनिपेगमधल्या ओळखीच्या दोन घरांनी यंदा जायचं ठरवलंय आणि दोघांचाही प्रश्न एकच: कधी? हायवे ६, थॉम्पसन शहराच्या अलीकडे पिसू धबधब्याचं पार्किंग, तिथून जाऊन-येऊन २२ किलोमीटरची पायवाट, एवढं त्यांना ठाऊक आहे, तुम्हालाही असेल. म्हणून थेट महिन्यांकडे वळतो.

पहिल्या वेळी जून निवडला तो सह्याद्रीच्या सवयीने. धबधबा म्हटला की आपल्याला पावसाळाच आठवतो. माळशेजला जुलैमध्ये जे धो धो कोसळतं, त्याच्या जागी दिवाळीनंतर कातळावर नुसता काळा ओघळ उरतो. त्यामुळे पाणी भरपूर असतानाच जायचं, हे लहानपणापासून डोक्यात बसलेलं. इथे बर्फ वितळून मे महिन्यात नद्या फुगतात, मग जून चांगलाच, असा हिशेब केला.

क्वासिचेवान ज्या ग्रास नदीवर आहे, तिला तो हिशेब लागू पडत नाही. ही नदी म्हणजे तळ्यांची माळ आहे. पिसूच्या वरच्या अंगाला सेटिंग लेक पसरलंय, त्याच्याही वर आणखी तळी आहेत. वितळलेलं पाणी ती धरून ठेवतात आणि सावकाश खाली सोडतात. सप्टेंबरमध्ये मला काठाचा कातळ जूनपेक्षा हातभर जास्त उघडा दिसला, एवढाच फरक. मोजमाप केलं नाही, पण १४ मीटरवरून पडणाऱ्या पाण्याचा आवाज तेवढाच होता आणि उभं राहिल्यावर पायाखालचा दगड तसाच थरथरत होता. पाण्यासाठी जून निवडत असाल, तर ते कारण सोडून द्या असं मी म्हणेन.

जूनची खरी जमेची बाजू म्हणजे उजेड. सतरा तासांचा दिवस असतो. सकाळी उशिरा निघालं, वाटेत रेंगाळलं, तरी परतताना बॅटरी काढावी लागत नाही. हे सुख मोठं आहे आणि ते मी कमी लेखणार नाही. गडबड अशी, की रेंगाळता येत नाही.

कारण काळ्या माश्या. डासांची मला फारशी तक्रार नाही. डास आपण लहानपणापासून सोसलेत, आणि भर दुपारी, वारं असलं की ते जरा नमतात. काळ्या माशीचं उलट आहे. ती दिवसाची आहे, गडद रंगाच्या कपड्यांवर धावते, आणि तिचा जन्मच वाहत्या पाण्यात होतो. डासाला साचलेलं डबकं लागतं, हिला खळाळ लागतो. म्हणजे जो धबधबा बघायला आपण अकरा किलोमीटर चालत जातो, तोच तिचं माहेर.

हे मी तिथेच डोळ्यांनी पाहिलं. धबधब्याच्या खाली, काठाजवळच्या उथळ धारेतला नारळाएवढा दगड उचलला. त्याच्या एका अंगाला शेवाळासारखा काळपट लेप होता. जवळ नेऊन बघितलं तर लेप वळवळत होता. तांदळाच्या कणीएवढ्या अळ्या, शेकडो, बुडाने दगडाला चिकटलेल्या. पाण्याच्या ओढीत त्या अशाच उभ्या राहतात आणि डोक्यावरच्या पंख्यांनी वाहून येणारं बारीकसारीक गाळून खातात. दगड हळूच परत ठेवला. या अळ्यांवर मासे जगतात, माश्यांवर पक्षी जगतात, तेव्हा रागवायचं तरी कोणावर? पण बसायचं कुठे, हा प्रश्न राहिलाच.

माझ्यासाठी निकाल तिथेच लागला. जूनच्या त्या दिवशी आम्ही दोघं धबधब्यापाशी जेमतेम वीस मिनिटं थांबलो आणि सगळा वेळ उभेच होतो. पोळीचा रोल जाळीच्या टोपीत खालून हात घालून खाल्ला, त्यातही दोन माश्या आत आल्या. अंगाला औषध चोपडलं होतं, पायमोजे विजारीवर ओढले होते. तरी कानामागे, केसांच्या मुळाशी त्या पोहोचल्याच. चावताना कळत नाही. ही माशी सोंड खुपसत नाही, कातडी कापते आणि वर आलेलं रक्त पिते. बायको म्हणाली, ‘‘अहो, तुमच्या मानेवरून रक्त येतंय,’’ तेव्हा मला समजलं. पुढे चार दिवस कान सुजलेला होता. सूज उतरली, पण एवढं चालत जाऊन धबधब्यापाशी टेकायलाही मिळालं नाही, ही रुखरुख काही गेली नाही.

सप्टेंबरमध्ये आम्ही दोन तास बसलो.

त्या दोन तासांत विशेष काही केलं नाही. छोट्या स्टोव्हवर चहा टाकला. समोरच्या काठावर टॅमरॅक पिवळेधमक झाले होते. सूचिपर्णी असून पानं गाळणारं हे झाड. काळ्या स्प्रूसच्या रांगेत मधेच एखादं हळदीत बुडवून काढल्यासारखं उभं असतं. वाऱ्याची झुळूक आली की त्याच्या मऊ सुया कपात येऊन पडत. येताना पायवाटेच्या कडेला दगडफुलाचे पांढुरके गालिचे होते. जूनमध्ये ते वाळून पापडासारखे मोडत होते, आता पावसाने भिजून स्पंजासारखे दबत होते. रात्री तंबूबाहेर आकाशात हिरवा पट्टाही दिसला. जूनमध्ये आकाश पुरतं काळं होतच नाही, त्यामुळे त्या महिन्यात उत्तर प्रकाशाची (ऑरोराची) आशाच धरू नये.

सप्टेंबरच्या अडचणीही सांगायला हव्यात. दिवस बारा-साडेबारा तासांवर आलेला असतो, तेव्हा पायवाटेच्या सुरुवातीचा झुलता पूल सकाळी आठपर्यंत ओलांडलेला बरा. रात्री पारा शून्याखाली जातो; पहाटे मुळांवर आणि फळ्यांवर दहिवर गोठतं, आणि तिथे मी एकदा चांगलाच घसरलो. मूस (सांबराच्या कुळातली धिप्पाड जनावरं) या दिवसांत माजावर यायला लागतात, अस्वलं हिवाळ्याआधी खात सुटलेली असतात, त्यामुळे बोलत चालावं आणि खाण्याचा डबा तंबूपासून लांब टांगावा. पहिला बर्फही पडू शकतो. आमच्या वेळी पडला नाही, पण तुमच्या वेळी पडणार नाही असं मी कसं सांगू?

जूनच्या विरुद्ध आणखी एक मुद्दा अलीकडे वाढलाय: वणवे. २०२५ मध्ये मेच्या अखेरीसच मॅनिटोबातलं फ्लिन फ्लॉन शहर रिकामं करावं लागलं आणि प्रांतभर आणीबाणी जाहीर झाली. अशा वेळी आडरानातल्या पायवाटा बंद होतात, आणि सातशे किलोमीटर गाडी हाकून गेल्यावर ते कळणं फार वाईट. सप्टेंबरपर्यंत हा धोका संपतो असं नाही, पण सहसा बराच ओसरलेला असतो.

मुलांच्या शाळेमुळे सुट्टी जूनअखेर किंवा जुलैतच मिळणार असेल, तर मी क्वासिचेवानचा हट्ट धरणार नाही. पिसूपुरतंच जा. क्री भाषेत पिसू म्हणजे लिंक्स, रानमांजराच्या कुळातलं जनावर. मराठी कानाला मात्र वेगळाच जीव आठवतो. तिथला १३ मीटरचा धबधबा पार्किंगपासून फळ्यांच्या वाटेने पाचएक मिनिटांवर आहे. माश्या तिथेही आहेत, पण असह्य झालं की गाडी जवळ असते. फिक्या रंगाचे कपडे घाला, जाळीची टोपी घरूनच न्या आणि मुलांच्या कानांमागे औषध लावायला विसरू नका.

ज्यांना रजा टाकता येते, त्यांनी लेबर डेनंतरचे (सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारच्या सुट्टीनंतरचे) दोन आठवडे जाऊ द्यावेत आणि तिसरा धरावा. टॅमरॅक तोवर पिवळे झालेले असतात. धबधब्यापाशी पोहोचलात की झुलत्या पुलाकडून येणारी वाट जिथे पाण्याला भिडते, त्याच्या जरा खाली एक सपाट कातळ आहे. तिथे फवारा येत नाही आणि दुपारी ऊन येतं. स्टोव्ह तिथेच मांडा.