आईच्या गोळ्या आणि जिन्याखालचं मेडिकल

आईला बीपी आणि शुगर, दोन्ही. तालुक्याच्या गावातले एक डॉक्टर गेली पंधरा वर्षं तिला बघतात. त्यांचा हातगुण चांगला, असं ती म्हणते, आणि त्यात खोटं काही नाही; माझा टायफॉइडही त्यांनीच बरा केला. मी पुण्यात, महिन्याचे पैसे पाठवून मोकळा. औषधांना दोन हजार जातात हे माहीत होतं. महागाई, दुसरं काय, म्हणून सोडून द्यायचो.

दिवाळीत घरी गेलो तेव्हा गोळ्या संपलेल्या आणि दवाखान्याच्या जिन्याखालचं मेडिकल बंद. चिठ्ठी घेऊन गावातली चार दुकानं पालथी घातली. चिठ्ठीतलं एकही नाव कुणाकडे नाही! चौथ्याने रिकामी स्ट्रिप उलटीसुलटी केली आणि हसला. "दादा, हा पीसीडीचा माल. त्यांच्याकडंच मिळणार." म्हणजे कंपनी दुसऱ्याच्या कारखान्यात गोळ्या बनवून घेते, वर आपलं नाव छापते आणि एका भागात एकालाच विकायला देते. छापील किंमत दांडगी, दुकानदाराची खरेदी किरकोळ. जिन्याखालचं दुकान डॉक्टरांच्या मेहुण्याचं आहे, हे गावात मला सोडून सगळ्यांना ठाऊक होतं.

रात्री सगळ्या स्ट्रिपा कॉटवर पसरल्या आणि मोबाइलच्या उजेडात बारीक अक्षरं वाचली. बीपीची गोळी म्हणजे टेल्मिसार्टन. शुगरची ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन. साधी, जुनी औषधं. एकट्या टेल्मिसार्टनची कमाल किंमत सरकार ठरवतं, पण आईच्या गोळीत आणखी एक औषध मिसळलेलं होतं. अशी कितीतरी मिश्रणं सरकारच्या किंमत ठरवून दिलेल्या औषधांच्या यादीत नसतात. त्यांतल्या बऱ्याच मिश्रणांची पहिली किंमत कंपनी आपल्या मनाने लावते आणि पुढे वर्षाला 10 टक्क्यांपर्यंत वाढवू शकते.

खरा राग आला तो 'ताकदीच्या' कॅप्सूलचा. दहाचे 285 रुपये. पाठीमागे औषधाचा परवाना नाहीच, एफएसएसएआयचा, म्हणजे खाद्यपदार्थांच्या परवान्याचा, चौदा आकडी नंबर, आणि खाली इंग्रजीत चक्क छापलेलं : 'नॉट फॉर मेडिसिनल यूज'. दोन वर्षं आई ती दुधाबरोबर घेत होती.

बिलं शोधली तर सगळ्या 'एस्टिमेट' लिहिलेल्या चिठोऱ्या. ना बॅच नंबर, ना दुकानाचा परवाना नंबर. तक्रार एफडीएकडे, म्हणजे अन्न व औषध प्रशासनाकडे, करायची तर हातात काय दाखवणार? पक्कं बिल पहिल्या दिवसापासून मागायला हवं होतं.

गोळ्या मी माझ्या मनाने बदलल्या नाहीत. स्ट्रिपा पिशवीत घालून आईला सांगलीच्या एका फिजिशियनकडे नेलं. त्यांनी मिश्रणातलं जादा औषध काढलं, कॅप्सूल बंद केली आणि मूळ औषधांची नावं ठसठशीत अक्षरात लिहून दिली. जनऔषधी केंद्रात महिन्याच्या गोळ्या तीनशेच्या आत आल्या. "एवढ्या स्वस्त गोळ्यांनी गुण येईल का रे?" आईचा प्रश्न. तीन महिन्यांनी रिपोर्ट काढला : एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी साखर, आधी 7.4, आता 7.2.

सर्दी-खोकल्याला ती अजून जुन्या डॉक्टरांकडेच जाते. परवा चिठ्ठीची घडी बटव्यात टाकून जिना उतरली, तर खिडकीतून पोऱ्याने हाक मारली, "मावशी, औषधं राहिली की!"

"राहू देत," म्हणाली आणि रिक्षात बसली.