सुया, काचेचे पेले आणि माझा खांदा

खांदा आखडला म्हणून सिंगापूरच्या चायनाटाऊनमध्ये एका चिनी वैद्यबाईंकडे गेले. इथे या वैद्यांना सरकारी नोंदणी सक्तीची आहे, म्हणून धीर केला. बाईंनी आधी जीभ बघितली, मग तीन बोटांनी दोन्ही मनगटांची नाडी. अगदी आपल्या वैद्यांसारखं! मग अ‍ॅक्युपंक्चर, म्हणजे अंगात सुया टोचून उपचार. सुया केसाएवढ्या बारीक. टोचताना कळतही नाही, पण आत गेल्यावर जड, ठणकल्यासारखं होतं. ते व्हायलाच हवं म्हणे. वीस मिनिटं हलायचं नाही, आणि नेमकं तेव्हाच नाक खाजतं.

मग कपिंग. काचेच्या पेल्यात क्षणभर जाळ फिरवायचा आणि पेला पाठीवर उपडा. कातडी आत टम्म फुगते. दुखलं नाही, पण घरी आरशात बघते तर पाठभर जांभळी वर्तुळं! आठवडाभर गेली नाहीत. आधी सांगायला काय झालं होतं? दुसऱ्याच दिवशी भाचीचं लग्न आणि माझा ब्लाउज मागून खोल गळ्याचा.

औषधाची पूड कोमट पाण्यातून घ्यायची. त्यापेक्षा काडेचिराईत परवडलं.

तीनदा गेले. आता वेणी घालण्याइतका हात वर जातो, अर्थात फिजिओचे व्यायामही चालूच होते. सुयांसाठी पुन्हा जाईन. पेले नकोत.