सिंक्रोनस मोटर घेताय? सॉलिड पोल की लॅमिनेटेड पोल, आधी हे बघा

मोठ्या कंप्रेसरला किंवा ब्लोअरला 4 पोल, 6 पोलची सिंक्रोनस मोटर घ्यायची म्हटली की दोन प्रकारची कोटेशनं येतात, एकात रोटरचे (फिरणाऱ्या भागाचे) पोल अखंड स्टीलचे म्हणजे सॉलिड, दुसऱ्यात पातळ पत्रे रचून केलेले म्हणजे लॅमिनेटेड आणि तोंडाशी डॅम्पर बार (स्टार्टिंगला टॉर्क देणाऱ्या तांब्या-पितळेच्या दांड्या) घातलेले. नुसती किंमत बघून ठरवू नका, एडी करंट (बदलत्या फ्लक्समुळे लोखंडातच गोल फिरणारा करंट, जो ते तापवतो) कुठे आणि कधी वाहणार ते आधी बघा.

कॉलेजात शिकवतात की रोटर आणि स्टेटरचं (स्थिर भागाचं) फील्ड एकाच स्पीडने फिरतं, रोटरला फ्लक्स बदलताना दिसत नाही, म्हणून एडी करंट नाही. कागदावर बरोबरच आहे. पण स्टेटरचे दात पोलच्या समोरून सटासट जात असतात त्याचं काय? 72 स्लॉट (दातांमधल्या खाचा) आणि 1500 आरपीएम धरा, सेकंदाला 25 फेरे गुणिले 72, म्हणजे 1800 हर्ट्झची थरथर सतत पोलच्या तोंडावर. त्यात सप्लाय अनबॅलन्स असेल तर निगेटिव्ह सिक्वेन्समुळे (उलट्या दिशेने फिरणाऱ्या फील्डमुळे) रोटरला 100 हर्ट्झ दिसतात, आणि लाइनवर 6 पल्स ड्राइव्हचे (मोटरचा स्पीड बदलणाऱ्या इलेक्ट्रॉनिक यंत्राचे) 5 वे, 7 वे हार्मोनिक, म्हणजे सप्लायच्या 5 पट, 7 पट फ्रिक्वेन्सीचे, असतील तर 5 वं उलटं फिरतं, 7 वं सुलटं, रोटरला मात्र दोन्ही 300 हर्ट्झच वाटतात.

सॉलिड पोलमध्ये हे सगळं वरच्या काही मिलिमीटरमध्ये गरम होतं. फील्ड वाइंडिंगच्या तांब्यात डीसी असतो, तिथे एडीचा त्रास फारसा नाही, पण पोल तापला की ती उष्णता शेजारच्या कॉइलच्या इन्सुलेशनला मिळते, आणि इन्सुलेशनचा क्लास एफ म्हणजे 155 डिग्रीपर्यंत सहन करणारा, त्यातली मार्जिन अशी फुकटची खाल्ली जाते. पत्र्यांमध्ये जाडीच्या वर्गाप्रमाणे लॉस कमी होतो, त्यामुळे रनिंगमध्ये लॅमिनेटेड पुढे, यात वादच नाही. दोन ऑफरमध्ये समजा फक्त 10 किलोवॅटचा फरक असला तरी वर्षाला 8000 तास म्हणजे 80,000 युनिट, 8 रुपयांनी 6 लाख 40 हजार. दरवर्षी.

मग सॉलिड पोल घेतं कोण? स्टार्टिंगचा ज्याला घोर आहे तो. डायरेक्ट ऑनलाइन, म्हणजे थेट लाइनवर, सुरू करताना स्लिप (रोटर फील्डच्या किती मागे आहे ते) 1 असते, रोटरमध्ये पूर्ण 50 हर्ट्झ, आणि ज्या एडी करंटला आपण एरवी शिव्या घालतो तोच इथे टॉर्क देऊन मोटर उचलतो. भल्यामोठ्या इनर्शियाचा (फिरवायला जड) फॅन फुल स्पीडला नेताना त्या फिरत्या वस्तुमानात जेवढी ऊर्जा साठते, कमीत कमी तेवढी उष्णता रोटरमध्ये उतरते, लोड असेल तर जास्तच. अखंड स्टीलचा गोळा ती पचवतो. डॅम्पर बारचं वजन ते किती, ते तापतात, लांब होतात, आणि शेवटी एंड रिंगच्या (बारची टोकं जोडणाऱ्या कड्याच्या) ब्रेझिंगला, म्हणजे जोडाला, तडा. एका प्लांटमध्ये असे तडे गेलेले बार मी बघितलेत, दिवसातून चारचार वेळा स्टार्ट मारायचे आणि वर मोटर कंपनीलाच दोष द्यायचे.

लॅमिनेटेडची एक जमेची बाजू म्हणजे बारचं मटेरियल निवडता येतं, पितळ घेतलं तर स्टार्टिंग टॉर्क चांगला, तांबं घेतलं तर सिंक्रोनिझमला, म्हणजे फील्डच्या स्पीडला, खेचून घेणं सोपं. सॉलिडमध्ये ही मुभा नाही. आणि हो, फील्डला स्टार्टिंगच्या वेळी डिस्चार्ज रेझिस्टर (फील्ड वाइंडिंगला जोडलेला रोध) दोन्हींत लागतोच, फील्ड उघडं ठेवलं तर इंड्यूस होणारा व्होल्टेज इन्सुलेशन फाडेल.

माझं मत विचाराल तर महिन्यातून एकदा सुरू होणारी, वर्षभर चालणारी मोटर असेल आणि लोडची इनर्शिया बेताची असेल तर डोळे झाकून लॅमिनेटेड घ्या. ड्राइव्हवर चालवणार असाल तरी तेच, कारण स्टार्टिंगचा प्रश्नच उरत नाही आणि हार्मोनिक मात्र कायमचे मानगुटीवर, फक्त डॅम्पर ठेवायचा की नाही ते ड्राइव्हवाल्याशी बोलून ठरवा. जड इनर्शिया, थेट लाइनवर स्टार्ट, असं असेल तर सॉलिड, वीजबिल थोडं जास्त येईल ते धरून चाला. मल्टिपोल स्लो स्पीड मोटरला हा प्रश्न सहसा पडत नाही, तिथे लॅमिनेटेडच मिळते.

इन्क्वायरीत मात्र तीन गोष्टी लिहून मागा: फुल लोडला पोल फेस लॉस (पोलच्या तोंडावर वाया जाणारी वीज) किती, निगेटिव्ह सिक्वेन्स करंट कायम किती टक्के चालेल, आणि तुमच्याच लोडची इनर्शिया धरून थंड आणि गरम मोटरला लागोपाठ किती स्टार्ट चालतील. तिसऱ्याचं उत्तर गुळमुळीत आलं तर ते कोटेशन तिथेच बाजूला ठेवा.