चपलांचा माल कशावर विसंबून भरायचा: इन्स्टाग्राम, गूगल ट्रेंड्स की आपली वही?

कोल्हापूरच्या चप्पल लाइनीत दुकान असलेला मित्र विचारत होता, "दिवाळीचा माल भरायचाय. सोशल मीडियाचा डेटा काढून देणारे पैसे मागतायत. देऊ का?"

जून २०२५ आठवा. मिलानच्या शोमध्ये प्राडा या इटालियन फॅशन ब्रँडने कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या आणि सगळीकडे तोच विषय. पण त्यात संताप किती, २०१९च्या जीआय टॅगवरचे (भौगोलिक मानांकनावरचे) वाद किती! रागावलेला माणूस चप्पल घेईलच असं नाही.

सोशल मीडिया जलद आहे, हे मान्य. कुठला रंग, कुठली वेणी चालणार, ते आधी तिथंच दिसतं. २०१० मध्ये एचपी लॅब्जच्या संशोधकांनी ट्विटरवरच्या चर्चेवरून हॉलिवूडच्या सिनेमांची सुरुवातीची कमाई बऱ्यापैकी अचूक सांगितली होती. पण सिनेमा ठरल्या शुक्रवारी, एकाच नावाने लागतो. 'कोल्हापुरी' शोधलं की मिसळ, तांबडा-पांढरा आणि साज आधी हजर. शिवाय 'जाळ अन् धूर संगटच' ही कौतुकाची कमेंट मशीनने आगीची बातमी समजली तर? ट्विटरचा, म्हणजे आताच्या एक्सचा, डेटा पूर्वीसारखा फुकट मिळणंही २०२३ मध्ये बंद झालं.

गूगल ट्रेंड्स, म्हणजे लोक गूगलवर काय किती शोधतात ते दाखवणारी सेवा, फुकट आहे. बोलणाऱ्यापेक्षा शोधणारा खरेदीच्या जरा जवळ असतो, आणि मागच्या वर्षांचा हंगामही दिसतो. फक्त तिथला १०० म्हणजे शंभर जोड नव्हेत, निवडलेल्या काळातली सर्वांत मोठी उसळी. आणि शोधावरही आंधळा विश्वास नको. गूगलने शोधांवरून फ्लूची साथ ओळखणारी सेवा २००८ मध्ये काढली, २०१२-१३च्या हंगामात तिचा अंदाज फारच फुगला, २०१५ मध्ये ती बंद झाली.

आपल्या विक्रीच्या वहीला नवी फॅशन उशिरा कळते. पण कापशी (कोल्हापुरीचा एक प्रकार) किती गेली, कुठला नंबर आधी संपला, हे दुसरं कोण सांगणार? व्हॉट्सअॅपवरच्या चौकश्याही मी वहीतच धरतो.

विक्री दुकानातूनच असेल तर वही आणि ट्रेंड्स पुरे. बाहेरगावच्या ऑनलाइन ऑर्डरी बऱ्या असतील तरच डेटावाल्यांना दोन महिने आजमावा, तेही रंग-डिझाइनपुरतं. हातशिलाईचा जोड तयार होईपर्यंत रील शिळं झालेलं असतं.

मित्राने तूर्त पैसे दिले नाहीत. वहीत नवा रकाना मात्र आखला: 'नंबर नाही म्हणून परत गेले'.