सेकंडहँड डीएसजी: पोलो जीटी, आय२० एन लाइन का ऑक्टाव्हिया आरएस? कोल्हापुरात कुठली परवडते

ज्याला बघावं तो सध्या जुनी पोलो जीटी टीएसआय शोधतोय, आणि प्रत्येकाचा प्रश्न एकच, "डीएसजी घेऊ का नको, उडाली तर किती लागतील?" डीएसजी म्हणजे फोक्सवॅगन-स्कोडाचा दोन क्लचवाला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. आता हा प्रश्नच अर्धा आहे, कारण डीएसजी नावाखाली दोन अगदी वेगळ्या जातीचे गिअरबॉक्स विकले गेलेत, ड्राय क्लचवाला आणि वेट क्लचवाला, आणि दोघांचा खर्च पण वेगळा आणि मरायची पद्धत पण वेगळी.

थोडक्यात सांगायचं तर दोन क्लच असतात, एकाकडं १-३-५-७ आणि दुसऱ्याकडं २-४-६ आणि रिव्हर्स, एक गिअर चालू असताना पुढचा आधीच लावून तयार, म्हणून शिफ्ट एवढी झटपट होते. ड्रायमध्ये क्लचप्लेटा कोरड्या, हवेवर थंड होणार. वेटमध्ये त्या तेलात बुडलेल्या, उष्णता तेल घेऊन जातं. बाकी सगळी भांडणं इथूनच सुरू होतात.

पहिली पोलो जीटी टीएसआय. २०१३ ला आली, १.२ टर्बो, १०५ पीएस पॉवर, १७५ एनएम टॉर्क म्हणजे ओढ, आणि गिअरबॉक्स डीक्यू२००, सात स्पीड, ड्राय. चालवायला नाद खुळा यात वादच नाही. पण याच डीक्यू२०० साठी फोक्सवॅगननं २०१३ च्या शेवटी जगभरातून साधारण १६ लाख गाड्या परत बोलवल्या होत्या, आतलं सिंथेटिक तेल काढून मिनरल तेल घालायला, कारण गरम-दमट हवेत आणि सारख्या थांब-चालमध्ये इलेक्ट्रिकल बिघाड होत होता. म्हणून सुरुवातीच्या सालातली गाडी असेल तर ते काम झालंय का हे कागदावर बघा, मालकाच्या तोंडावर जाऊ नका.

खर्चाच्या जागा दोन. एक क्लच पॅक, दुसरा मेकॅट्रॉनिक, म्हणजे गिअर बदलणारा हायड्रॉलिक भाग आणि त्याचा कॉम्प्युटर एकत्र. क्लच झिजला की पहिल्या-दुसऱ्याला गाडी थरथरते, हळू रांगताना हिसके देते. मेकॅट्रॉनिक गेला की डिस्प्लेवर गिअरचं अक्षर चमकायला लागतं आणि रिव्हर्सबरोबर सम गिअर गायब नाहीतर विषम गिअर गायब, आणि हे सांगून होत नाही, चौकात मधोमध होतं. बऱ्याचदा आतल्या प्रेशर ॲक्युम्युलेटरच्या (तेलाचा दाब साठवणारा भाग) जागी तडा जाऊन दाब राहत नाही, बाकी युनिट ठणठणीत असतं. कंपनीत मात्र अख्खं युनिटच बदलायला सांगतात आणि मग साधारण दीड ते अडीच लाखांची भाषा सुरू होते, क्लच पॅक म्हटलं तर लाखाच्या आसपास. बाहेर मेकॅट्रॉनिक रिपेअर करणारे आहेत, पुण्या-बेंगळुरूकडं, तिथं ह्याच्या निम्म्याच्या आत काम होऊ शकतं, आणि चांगली गोष्ट म्हणजे डीक्यू२०० चा मेकॅट्रॉनिक गिअरबॉक्स खाली न उतरवता काढता येतो. परत बसवल्यावर स्कॅनरनं बेसिक सेटिंग करावंच लागतं, ते न करता "चालतीय की" म्हणून गाडी हातात देणारा मिस्त्री असेल तर तिथून निघा.

आपल्याकडं उद्यमनगरात हेडचं काम म्हणा, बोअरिंग म्हणा, क्रँक ग्राइंडिंग म्हणा, काय पायजे ते होतं आणि चांगलं होतं, त्यामुळं लोकांना वाटतं डीएसजीचं पण होईल. पण डीएसजीला क्लचचं माप जमवायची खास टूल्स लागतात, लेथवर हुशार असून भागत नाही.

अजून एक, २०२० पासूनच्या पोलो जीटी टीएसआयमध्ये १.० इंजिन आहे आणि त्याला डीएसजी नाहीच, साधा सहा स्पीड टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे जुन्या पद्धतीचा ऑटोमॅटिक आहे. एजंट लोक सरसकट डीएसजी म्हणून विकतात. शिफ्टला ती मजा नाही पण रात्री झोप लागते, बजेट बसत असेल तर मी हीच घेईन.

आता स्कोडाची ऑक्टाव्हिया, आरएस नव्हे तर साधी १.८ टीएसआय, १८० पीएसची, मोठी, रुबाबदार, पण गिअरबॉक्स तोच डीक्यू२०० आणि तो २५० एनएमपर्यंतच झेलतो, इंजिन पण बरोबर २५० देतं. म्हणजे हातात काही शिल्लकच नाही. १.८ वाल्या पोलो जीटीआयचं तर बाहेरच्या देशात मॅन्युअलला ३२० एनएम आणि डीएसजीला २५० असं होतं, कंपनीनंच टॉर्क कापला, यावरून समजून घ्या. आणि अशा गाडीवर कोण स्टेज वन रीमॅप (इंजिनच्या कॉम्प्युटरमध्ये बदल करून ताकद वाढवणं) मारून बसलाय आणि "भावा कसली पळतीय बघ" म्हणून विकतोय तर हात जोडून घरी या.

ह्युंदाईची आय२० एन लाइन २०२१ ची, १.० टर्बो, १२० पीएस, १७२ एनएम, सात स्पीड डीसीटी, म्हणजे ह्युंदाईचा दोन क्लचवाला बॉक्स. हा पण ड्रायच. पण गाडी हलकी, टॉर्क कमी, साल नवीन, आणि एखाद्या गाडीवर एक्सटेंडेड वॉरंटी शिल्लक असू शकते, ती नावावर ट्रान्सफर होते का हे सौद्याच्या आधी विचारा. स्पोर्ट्स कार म्हणायला जीभ अडखळते, सस्पेन्शन आणि आवाज सोडला तर आय२०च आहे, पण तिघींमध्ये पहिली दोन वर्षं सगळ्यात कमी डोकेदुखी हिचीच.

ऑक्टाव्हिया आरएस २३० ही खरी चीज. २०१७ ची, २३० पीएस, ३५० एनएम, आणि गिअरबॉक्स डीक्यू२५०, सहा स्पीड, वेट. नंतर २०२० ला आरएस २४५ आली, सात स्पीड वेटवाली, फक्त २०० गाड्या, मिळाली तरी भाव ऐकून गप्प बसाल. डीक्यू२५० चं गणित सरळ आहे, दर ६०,००० किलोमीटरला तेल आणि फिल्टर, पंधरा-वीस हजारांच्या आसपास जातात, आणि ते वेळेवर झालं असेल तर बॉक्स लांब चालतो. नाही झालं तर क्लचची झीज तेलात फिरत राहते, सोलेनॉइड (तेलाचा दाब सोडणारे विजेचे व्हॉल्व्ह) खराब होतात, आणि मग जे बिल येतं ते डीक्यू२०० पेक्षा मोठंच असतं. म्हणून आरएस बघताना ओडोमीटर नंतर, आधी ६० हजारचं बिल बघा. १ लाख २० हजार पळाली आणि तेल एकदाच बदललंय तर भाव पाडा नाहीतर सोडा. इंजिन चालू करून नुसतं उभं राहूनही ऐका, गिअरबॉक्सच्या बाजूनं खडखड येत असेल तर ड्युअल मास फ्लायव्हील (इंजिनचे हादरे शोषणारं जड चाक) असू शकतं, तो खर्च वेगळा. टायर-ब्रेकचा खर्च तर पोलोवाल्याला झीट आणणाराच असतो.

आता गाडी फिरणार कुठं ते बघा. रोज महाद्वार रोड, बिंदू चौक, राजारामपुरी असं रांगत जायचं असेल तर ड्राय क्लच खातोच, कारण अर्धवट ब्रेकवर सोडत-धरत गाडी सरकवली की क्लच घासतो आणि तापतो. त्यापेक्षा पुढं नीट जागा होऊ द्या, मग सोडा. पावसाळ्यातल्या रविवारी पन्हाळ्याच्या चढावर गाड्यांची रांग लागलेली असते, तिथं लोक ॲक्सिलरेटरवर गाडी तोलून धरतात, ड्राय डीएसजीला यापेक्षा वाईट काही नाही, ब्रेक घट्ट दाबा किंवा ऑटो होल्ड असेल तर लावा. उलट ज्याचं काम कागल, निपाणी, बेळगाव असं हायवेचं, त्याची डीक्यू२०० लई वर्षं काढते. त्यामुळं ८० हजार हायवेवर पळालेली पोलो ३५ हजार गावात फिरलेल्या पोलोपेक्षा बरी असू शकते.

आणि पूर. २०१९ आणि २०२१ ला कोल्हापूर-सांगलीत किती गाड्या पाण्यात गेल्या ते आपण बघितलंय, त्यातल्या बऱ्याच पुसून-धुवून बाजारात आल्यात. डीक्यू२०० चा मेकॅट्रॉनिक गिअरबॉक्सच्या अंगावर बाहेरून बसवलेला असतो, कनेक्टरमध्ये पाणी गेलं की आज नाही तर वर्षानं रंग दाखवतो. वेटमध्ये पाणी शिरलं तर तेल दुधाळ होतं. कार्पेट उचला, सीटचे रूळ बघा, सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा, इन्शुरन्स क्लेमची हिस्ट्री मागवा. गाडी पुण्याची आहे म्हणून निर्धास्त राहू नका, पासिंग कुठलं यावरून गाडी कुठं उभी होती ते कळत नाही.

कोण पोर्शेचं विचारेल म्हणून सांगतो, तिचा दोन क्लचवाला बॉक्स पीडीके म्हणजे वेट क्लच, बॉक्स म्हणून मजबूतच. पण बिघडली की मुंबई-पुणं गाठायचं आणि बिल पोर्शेच्या भावात, ज्याला हे विचारावं लागतंय त्यानं यात पडू नये.

माझा हिशोब असा. गावात फिरणं आणि बजेट कमी तर २०२० नंतरची पोलो किंवा वॉरंटीतली एन लाइन. हायवे आणि घाट, खिशात दम असेल तर कागद पूर्ण असलेली आरएस २३०. जुनी डीएसजी पोलो हवीच असेल तर किमतीत लाख-दीड लाख बाजूला धरूनच सौदा करा. टेस्ट ड्राइव्ह अर्धा तास तरी घ्या, गाडी तापू द्या, मग एखाद्या चढावर रिव्हर्समध्ये हळू चढवा, थरथर असेल तर तिथंच कळते. शेवटी स्कॅन, क्लच किती झिजलाय याचा अंदाज त्यात येतो, आणि स्कॅनला नको म्हणणाऱ्या पार्टीला बयाणा देऊ नका.