लॅब्रॅडॉरची डीएनए चाचणी: मेटिंगआधी करून घ्यावी अशी, पण पुरेशी नव्हे

आमच्या लॅब्रॅडॉर मादीची एकदा पिल्ले घ्यायची असे ठरल्यावर नर शोधण्याआधी आम्ही घरबसल्या नमुना घेता येणारी डीएनए चाचणी मागवली. जेवणानंतर अर्धा तास जाऊ द्यायचा आणि मग गाल व हिरडी यांच्यामध्ये स्वॅब फिरवायचा, इतकेच काम असते; मात्र घरात दुसरा कुत्रा असल्यास त्याची लाळ मिसळू नये म्हणून त्याला दूर ठेवावे. अहवाल वेळेत आला.

लॅब्रॅडॉरपुरते पाहिले तर या चाचणीचे मोल मुख्यतः तीन आजारांसाठी आहे: रात्रीच्या दृष्टीपासून सुरुवात होऊन अंधत्वाकडे नेणारा पीआरए, नाकाच्या शेंड्यावर कोरडी खपली धरणारा एचएनपीके, आणि पाच ते वीस मिनिटांच्या जोरदार धावपळीनंतर मागचे पाय लुळे पाडणारा ईआयसी, जो आपल्या उन्हाळ्यात उष्माघात समजला जाण्याची शक्यता मोठी आहे. तिन्हींत आई आणि वडील या दोघांकडूनही सदोष जनुक आले तरच पिल्लाला धोका असतो.

आमची मादी ईआयसीची वाहक निघाली, म्हणजे तिच्यात सदोष जनुक एकाच पालकाकडून आलेले आहे, आणि नेमका तिथेच अहवाल तोकडा पडला. लाल अक्षरांत ‘वाहक’ एवढे छापून तो थांबतो, त्यामुळे एखादा मालक घाबरून पिल्ले घेण्याचा विचारच सोडून देईल. वास्तविक वाहक कुत्र्याला स्वतःला सहसा त्रास होत नाही. नर निर्दोष असेल तर सरासरी निम्मी पिल्ले वाहक होतात, या आजाराने पीडित एकही होत नाही. नरही वाहक असेल तर मात्र प्रत्येक पिल्लामागे धोका २५ टक्के. सरसकट सगळे वाहक बाद केले, तर मेटिंगसाठी उरलेले कुत्रे एकमेकांच्या अधिकाधिक नात्यातले होत जातील आणि एक आजार टाळताना दुसरे बळावतील. हे समजावणारा एक परिच्छेद अहवालात हवाच होता.

जाहिरातीतील ‘संपूर्ण आरोग्य’ हा दावाही मला मान्य नाही. हिप डिस्प्लेशियामागे, म्हणजे खुब्याच्या सांध्याच्या सदोष वाढीमागे, अनेक जनुके असतात, शिवाय वाढीच्या वयातले वजन आणि आहार यांचाही त्यात वाटा असतो. त्यासाठी एक्स-रेच काढावा लागतो, आणि अमेरिकेतील ओएफए ही संस्था अंतिम श्रेणी कुत्रा २४ महिन्यांचा झाल्यावरच देते. केनल क्लब ऑफ इंडियाच्या पेपरवरून वंशावळ कळते, तब्येत नव्हे. आम्हाला पसंत पडलेल्या एका नराच्या मालकांनी पेपर दाखवले, शोमधले चषक दाखवले, पण चाचणीला नकार दिला; ते स्थळ आम्ही सोडले.

चाचणीचा खर्च एका पिल्लाच्या किमतीपेक्षा बराच कमी आहे आणि तो वसूल झाला, म्हणून पाचपैकी चार तारे. पाचवा कापला तो कुत्र्याची ओळख पटवणाऱ्या मायक्रोचिपच्या क्रमांकाचा रकाना ऐच्छिक ठेवल्याबद्दल, कारण क्रमांक नसलेला निर्दोष अहवाल कोणत्याही लॅब्रॅडॉरच्या नावावर खपवता येतो.